नेटवाल्या पोराचे काम कुठे संपते?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो, ते आमचे चिंचोटी. मुंबईकरांना हे नाव धबधब्यामुळे ठाऊक आहे. आम्हाला ते गाळ्यांमुळे, गोदामांमुळे, चाळींमुळे आणि डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांमुळे ठाऊक आहे. रविवारी आम्ही इथे एका खोलीत बसतो. लोक कागद घेऊन येतात. कुणाची घरपट्टी, कुणाचा थकलेला पगार, कुणाचा जातपडताळणीचा अडकलेला अर्ज. वकिलीचा हा बिनफीचा दरबार बरीच वर्षे चालू आहे आणि त्यात हल्ली एक नवा प्रश्न आला आहे. तो आज वाचकांपुढे ठेवतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी शेजारच्या चाळीतून धावत आली. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सरकारी संकेतस्थळ उघडत नव्हते. तिच्या वडिलांनी नेटवाल्याला फोन करून ‘तुमचे नेट बंद आहे’ म्हणून खडसावले होते. नेटवाला म्हणजे एका स्थानिक इंटरनेट पुरवठादाराकडे काम करणारा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. तो भिजत दुचाकीवरून आला. भिंतीवरच्या खोक्याचे दिवे पाहिले, त्याच वायफायवरून आपल्या मोबाइलवर दोन संकेतस्थळे उघडून दाखवली आणि म्हणाला, “काका, लाइन चालू आहे.” वडील म्हणाले, “मग कॉम्प्युटरवर का उघडत नाही?”

पोरगा तिथूनच परत गेला असता तर कायद्याने त्याचे काही चुकले नसते. पण तो थांबला. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली तारीख त्याने पाहिली, ती कित्येक वर्षे मागची होती. कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर घड्याळ विसरतो. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला मुदतीबाहेरची वाटतात आणि तो दार लावून घेतो. पोराने तारीख बरोबर केली, संकेतस्थळ उघडले. मग दाखल्याचा फोटो फार मोठा असल्याने चढेना, तो लहान करून दिला. मग मुलीला पासवर्ड आठवेना. अर्ज गेला तेव्हा दोन तास उलटले होते. पोराने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

त्याच दोन तासांत नाक्यापलीकडच्या एका गाळ्याची लाइन खरोखरच बंद पडली होती. तिथे माल भरलेला टेम्पो बिलासाठी खोळंबला होता. गाळेवाल्याने मालकाला शिव्या घातल्या आणि मालकाने पोराचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. हे त्याने आम्हाला आठ दिवसांनी सांगितले, तेही गाऱ्हाणे म्हणून नव्हे. त्याने विचारले, “सर, अशा वेळी मी काय करायला पाहिजे होते?”

आम्ही त्या दिवशी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

पहिली गोष्ट, लोक नेटवाल्यालाच का बोलावतात? प्रिंटर चालत नाही, नेटवाला. व्हायरस आला, नेटवाला. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, नेटवाला. टीव्हीवर सिनेमा अडकतो, ईमेल विसरला, मुलाच्या मोबाइलवर नको ते दिसते, सगळ्याला नेटवाला. याला लोकांचे अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे. पण ही सवय लोकांना लावली कुणी, ते पाहिले पाहिजे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. १९९८ च्या अखेरीस खासगी पुरवठादारांना परवानगी मिळाली. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून नेट यायचे. मोडेम कॉम्प्युटरला जोडलेला, कधी त्याच्या पोटातच बसवलेला. नंबर, नाव, पासवर्ड सगळे कॉम्प्युटरमध्येच भरायचे. म्हणजे कॉम्प्युटर नीट केल्याशिवाय जोडणी दिली असे म्हणताच येत नव्हते. पुढे केबल टीव्हीवाल्यांनी गल्लीगल्लीत तारा टाकून नेट द्यायला सुरुवात केली. तेव्हाही कॉम्प्युटरमधल्या कार्डाचा क्रमांक पुरवठादाराकडे नोंदलेला असे. कार्ड बदलले की नेट बंद आणि नेटवाल्याला बोलवा. कॉम्प्युटर नव्याने भरला की सेटिंग गेले, पुन्हा नेटवाल्याला बोलवा. त्या दहा-पंधरा वर्षांत लाइन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये सीमारेषाच नव्हती. ग्राहकाला जी सवय लागली ती त्या काळच्या यंत्रामुळे लागली.

आज यंत्र बदलले आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश घरापर्यंत येतो आणि भिंतीवरच्या खोक्यात संपतो. त्या खोक्यापर्यंत लाइन, त्याच्यापुढे ग्राहकाचे सामान. खोक्यावर लाल दिवा लागला म्हणजे बहुतेक वेळा प्रकाश पोचत नाही. तार तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, रस्ता खोदणाऱ्या यंत्राने उपटली असेल. ते काम निखालस नेटवाल्याचे. दिवे ठीक आहेत, त्याच वायफायवर दुसरा मोबाइल धडधड चालतो आणि एकच कॉम्प्युटर अडला आहे, तर दोष बहुतेक करून त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. दूरच्या खोलीत नेट मंद असेल तर मधल्या भिंती आणि खोक्याची जागा तपासावी. ही साधी परीक्षा प्रत्येक घरातल्या शाळकरी मुलाला करता येते. फोन करण्यापूर्वी ती केली तर अर्धी भांडणे मिटतील.

पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही. त्या मुलीच्या घरी लाइन चालू होती हे खरे. तरीही तिची शिष्यवृत्ती बुडणार होती, हेही तितकेच खरे.

२०१५ मध्ये ‘डिजिटल इंडिया’ची घोषणा झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने लोकसेवा हक्काचा कायदा केला आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून दाखले मिळू लागले. शिष्यवृत्ती ‘महाडीबीटी’वर गेली. जातपडताळणीचा अर्ज ऑनलाइन, शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांचा प्रवेश ऑनलाइन. यात वाईट काही नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत वसईच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाणे गाठावे लागे. खिडकीवरचा बाबू आडनाव पाहून आवाज बदलत असे, तो अपमान ऑनलाइन अर्जाने पुष्कळ कमी केला, हे आम्ही अनुभवाने सांगतो. संकेतस्थळ आडनाव पाहून तोंड वाकडे करत नाही. पण खिडकी बंद करताना सरकारने खिडकीजवळ उभा असलेला शिपाई, अर्ज लिहून देणारा कारकून, समजावून सांगणारा पेन्शनर हे सगळेच काढून टाकले. त्यांची जागा कुणी घ्यायची? सेवा केंद्रे आहेत, पण तिथे रांग असते, पैसे लागतात आणि रविवारी कुलूप असते. मग गरिबाच्या दारात बोलावल्यावर येणारा, कॉम्प्युटरमधले थोडेफार कळणारा एकच माणूस उरतो. तो म्हणजे नेटवाला पोरगा.

जुनी यंत्रे ही आणखी एक अडचण. आमच्या वस्त्यांमध्ये कॉम्प्युटर येतो तो बहुधा कुठल्यातरी कचेरीने काढून टाकलेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. नवी विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर कंपनीच्या नियमाप्रमाणे बसतच नाही. श्रीमंताने नवा लॅपटॉप घेतला. गरिबाने नेटवाल्याला विचारले, “दादा, याचे काय करू?”

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. आम्लहल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांना बँकेच्या ऑनलाइन ओळख तपासणीत पापणी मिटून दाखवा असे सांगितले जात होते. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. वंचितांना ही सेवा मिळेल हे पाहण्याची जबाबदारी शासनावर आहे, असाही त्या निकालाचा अर्थ आहे. शासनावर आहे, चिंचोटीच्या लाइनमनवर नाही! मग शासनाचे ओझे त्या पोराच्या दुचाकीवर कसे येऊन बसले?

आता पोराची बाजू. त्याचे काम तारा ओढणे, जोडणे, खोके बसवणे, बिल वसूल करणे. भर पावसात खांबावर चढणे. त्यात ही न मोजलेली कामे. त्यांना दाम नाही आणि वेळही नाही. रात्री दहालाही फोन. नाही म्हटले तर ‘कनेक्शन काढून टाकीन’ ही धमकी. आमच्या समाजाला ही तऱ्हा नवी नाही. महार वतनात नेमके हेच होते. कामाची यादी नाही, तास नाहीत, गावात कुणीही केव्हाही बोलवावे, घरचा कर्ता नसेल तर दुसऱ्याने जावे, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजे वतन आणि बलुते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनविषयक विधेयक मांडले, ते या बेहिशेबी राबणुकीला हिशेबात आणण्यासाठी. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा जो पाया घातला, त्याचा कायदा १९४६ मध्ये झाला. त्यामागेही तेच सूत्र होते, श्रमाला मोजमाप पाहिजे.

नेटवाला पोरगा वतनदार नाही. तो नोकरी सोडू शकतो, त्याला जातीने कुणी बांधलेले नाही. ही दोन्ही एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या श्रमाची सीमा ठरवलेली नसते तो श्रम फुकटात जातो आणि फुकट राबणारा नेहमी खालच्या पायरीवरचाच असतो, एवढा धडा इथे लागू पडतो. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाली आहे. तिच्यात ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला आहे. ग्राहकाच्या घरी प्रिंटर जोडण्यात गेलेली रात्र ही कामाची वेळ नाही काय?

मालकाचीही बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. छोटा पुरवठादार मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींशी लढू शकत नाही. त्याच्याकडे एकच भांडवल आहे, बोलावले की माणूस येतो. मोठ्या कंपनीचे केंद्र ‘ते आमच्या कक्षेत येत नाही’ म्हणून फोन ठेवते. छोट्याने तसे केले की ग्राहक गेला. म्हणून मालक ग्राहकाला ‘हो, पाठवतो’ म्हणतो आणि त्या ‘हो’ची किंमत पोराकडून वसूल करतो. आमचा आक्षेप त्या ‘हो’ला नाही, त्या वसुलीला आहे.

कायदा काय सांगतो तेही पाहू. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले आणि २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. त्यांत मोजमाप आहे ते लाइनच्या दुरुस्तीचे, वेगाचे, जोडणीचे. ग्राहकाच्या प्रिंटरचे त्यात काही नाही. उलट लाइन बंद असून पुरवठादार दाद देत नसेल तर ग्राहकाने तक्रार क्रमांक घ्यावा आणि गरज पडल्यास ग्राहक आयोगात जावे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पण पोराने भलाईपोटी कॉम्प्युटर उघडला आणि दहा वर्षांचे फोटो गेले, तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४२) प्रमाणे निव्वळ विनामूल्य दिलेली सेवा ‘सेवा’ या व्याख्येत येत नाही. ग्राहक म्हणेल, मी दरमहा पैसे भरतो, हे त्यातच आले. मालक म्हणेल, ते पोराने स्वतःहून केले. अशा वादात शेवटी पोरगा एकटा पडतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ तर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधली माहिती घेणे वा पुसणे यासाठी भरपाईला जबाबदार धरते. करारानुसार सेवा देताना हाती आलेली खासगी माहिती संमतीशिवाय, नुकसान करण्याच्या किंवा लाभ उपटण्याच्या हेतूने बाहेर दिली, तर कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ‘दुकानात मिळते तशी विंडोज टाकून दे’ म्हणणाऱ्या ग्राहकांनी व ती टाकणाऱ्या पोरांनी एवढे ध्यानात ठेवावे, की चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकप्रणाली वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे. पैसे नसतील तर लिनक्ससारख्या मोफत प्रणाली आणि लिब्रेऑफिस उपलब्ध आहेत. त्यांत युनिकोड मराठी उत्तम चालते आणि जुन्या यंत्रालाही त्या पेलतात.

मग पोराने सरळ ‘नाही’ म्हणावे काय? आमचे उत्तर, कोरडे ‘नाही’ म्हणू नये. कारण नेटवाल्याने हाकलले की माणूस मोबाइलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि तिथे ठग बसलेले असतात. ते गोड बोलून एक ॲप घ्यायला लावतात आणि आपल्या पडद्याचा ताबा घेतात. एनीडेस्क या ॲपचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता. खाडीपलीकडे मीरा रोडला ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी छापे घातले, तेव्हा तिथल्या बनावट कॉल सेंटरमधून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावून लुबाडले जात असल्याचे उघड झाले. पडद्याआडचा आवाज अधिकाऱ्याचा की ठगाचा, हे शिकलेल्या अमेरिकनाला कळले नाही. मग आमच्या मावशीला कसे कळावे? फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे, हे प्रत्येकाने पाठ करावे.

तेव्हा रेषा ओढली पाहिजे. आम्ही तीन रेषा सुचवतो.

पहिली, लाइनच्या कामाची. तार, खोके, वायफाय, वेग. हे दरमहाच्या पैशात आले. त्यासाठी पोराने किंवा मालकाने उपकाराची भाषा करू नये.

दुसरी, कॉम्प्युटरच्या कामाची. प्रिंटर जोडणे, व्हायरस काढणे, फॉन्ट बसवणे, प्रणाली नव्याने भरणे. याचे दर दुकानातल्या फळ्यावर मराठीत लिहावेत. काम आधी सांगावे, ग्राहकाची परवानगी चार ओळींत कागदावर घ्यावी, हवी ती माहिती आधी दुसरीकडे उतरवून ठेवावी आणि पावती द्यावी. त्या पैशातला ठरलेला वाटा पोराला मिळावा. लाइन बंद असलेल्या ग्राहकाला अर्थातच पहिला नंबर. पैसे घेण्यात लाज नाही. मोची, शिंपी, वकील, सगळे घेतात. दर लिहिला की श्रमाला मान मिळतो आणि ग्राहकालाही फुकट मागण्याचा संकोच उरत नाही.

तिसरी रेषा, कधीच न करायच्या कामाची. ओटीपी, एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड नेटवाल्याने विचारू नये आणि कितीही ओळखीचा असला तरी ग्राहकाने सांगू नये. ती अक्षरे ग्राहकाने स्वतःच्या हाताने टाकावीत. तेवढा वेळ पोराने तोंड दुसरीकडे फिरवावे.

आणि या तीन रेषांच्या बाहेर उरते ते सरकारी अर्जांचे काम. ते ना लाइनचे, ना दुकानाचे. ते शासनाचे आणि समाजाचे. शासनाने ज्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख ठेवली, त्या दिवशी मदतीची खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे, मग तो रविवार असो. ३ जुलै २००९ पासून वसई-विरारला महापालिका आहे. पालिकेची वाचनालये आणि समाजमंदिरे आहेत. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉम्प्युटर आणि जाणकार माणूस बसवणे पालिकेला जड नाही. आमच्या विहारांनीही वाट पाहत बसू नये. २००१ पासून एमएस-सीआयटी करून बाहेर पडलेली मुले-मुली प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आहे आणि शेजारची मुलगी पासवर्डसाठी रडते आहे! हे बरे दिसत नाही. वंदनेनंतर दोघांनी दोन तास टेबल मांडले तर वस्तीतला एकही शिष्यवृत्तीचा अर्ज बुडणार नाही.

तर बाळा, तू विचारले होतेस, मी काय करायला पाहिजे होते. तू केलेस ते बरोबर केलेस. फक्त मालकाला आधी एक फोन करायला हवा होता, म्हणजे गाळ्यावर दुसरा माणूस गेला असता. चूक तुझ्या थांबण्यात नव्हती. ज्या कामाने एका मुलीचे वर्ष वाचले, त्याचा सगळा खर्च तुझ्या अर्ध्या दिवसाच्या पगारातून निघाला, ही चूक होती. आणि ती तुझी नव्हे, आमची सगळ्यांची आहे.

कापलेल्या त्या पगाराबद्दल तुझ्या मालकाला लिहायचा अर्ज आम्ही तयार ठेवला आहे. रविवारी येऊन सही करून जा. अर्ज ऑनलाइन नाही, साध्या कागदावर आहे.